जुनी मिनीव्हॅन: हादरे इंजिनाचे की गिअरबॉक्सचे?

रानवाट

आमची सात आसनी मिनीव्हॅन सोळा वर्षांची झाली. २,३८,००० किलोमीटर. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांवर ओढणारी, पाच गिअरची ऑटोमॅटिक. जुळी मुलं झाली त्या वर्षी घेतली होती. आता वडिलांचे गुडघे वाकत नाहीत, आणि सरकत्या दारातून ते जितके सहज आत बसतात तितके दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नाहीत. म्हणून ही गाडी मला हवी आहे, हे आधीच सांगते.

तीन महिन्यांपासून त्रास असा:

साठ-सत्तरच्या वेगात, पाय हलका आणि स्थिर ठेवला की दोन-तीन सेकंद गाडी थरथरते. रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी. मग आपोआप थांबते.

भरल्या गाडीने चढ चढताना वेगळाच प्रकार. तिथे सरळ झटके बसतात. मागच्या आठवड्यात त्या वेळी चेक इंजिनचा दिवा लुकलुकला, आणि वर पोचल्यावर एकसारखा पेटून राहिला.

पार्कमधून रिव्हर्समध्ये टाकलं की दोन सेकंद काही होत नाही, मग धाडकन गिअर बसतो.

दोनदा गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. चाळीसच्या वर जाईना. बंद करून पुन्हा चालू केल्यावर ठीक झाली.

शिवाय महिन्यात दोनदा कूलंट घालावं लागलं. जमिनीवर थेंब दिसत नाही.

मेकॅनिकने दहा मिनिटं चालवून पाहिली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, बदलावा लागेल." त्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीहून जास्त आहे. खरंच गिअरबॉक्स आहे का? की इंजिन? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

चौथा गिअर

दिवा लुकलुकत असेल तर आधी रेस सोडा. एकसारखा पेटलेला दिवा म्हणजे "दाखवून घ्या", लुकलुकणारा म्हणजे "आत्ता थांबा". मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, इतकं वाढलेलं असतं की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. आतली चिनी मातीची जाळी वितळते. मग प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या एका कॉइलच्या दुखण्यात आणखी एक महागडा भाग जोडला जातो.

धूळपाटी

सोळा वर्षं, अडीच लाखाच्या जवळ. ताई, विकून मोकळ्या व्हा. आज गिअरबॉक्स, उद्या हेड गॅसकेट (इंजिनाच्या हेडखालचं सील), परवा आणखी काही. मी दोन वर्षं असाच ओढत राहिलो आणि शेवटी भंगारातच गेली.

वंगण

वीसेक वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच खोलतो आहे. माझ्याकडे "गिअरबॉक्स गेला" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा गिअरबॉक्स मी उघडलाच नाही, कारण दुखणं दुसरीकडे होतं. म्हणून न बघता हो किंवा नाही म्हणणार नाही.

तुम्ही पाच तक्रारी लिहिल्या आहेत. सगळ्यांचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. इतक्या जुन्या गाडीत चार वेगवेगळी दुखणी एकाच वेळी वर येतात आणि चालवणाऱ्याला सगळी मिळून एकच वाटतात.

पुढचं करा आणि इथे लिहा:

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड वाचून घ्या. सगळे, नुसता पहिला नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये साधा स्कॅनर लावला तरी चालेल. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हा सॉकेट सक्तीचा आहे, तुमच्या गाडीला असणारच. कोड पुसू मात्र नका.

गिअर ऑइल बघा. गाडी सपाट जागेवर, पूर्ण तापलेली, इंजिन चालू. पार्कमध्ये बघायचं की न्यूट्रलमध्ये, ते गाडीच्या पुस्तकात असतं, अंदाजाने करू नका. ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी, रंग आणि वास तिन्ही लिहा. काही गाड्यांना पट्टीच नसते, तिथे खालच्या बोल्टातून पातळी बघावी लागते.

बॅटरी किती जुनी आहे तेही सांगा.

निळसर

+१. मेकॅनिकने कोडसुद्धा वाचला नाही आणि गिअरबॉक्स बदलायला सांगतो, याचा मला मनापासून राग येतो. एवढा खर्च सांगण्याआधी पाच मिनिटं स्कॅनर लावायला हवा होता.

मोहोर

आमच्या व्हॅनला अशीच थरथर होती. मुलं म्हणायची, गाडीला थंडी वाजते. :) ऑइल बदलल्यावर गेली. पण आमचा दिवा कधी लुकलुकला नव्हता, त्यामुळे तुमच्याकडे आणखी काहीतरी असावं.

निरभ्र

प्लग कधी बदलले? नुसती तारीख सांगू नका, किती बदलले ते सांगा.

का विचारतो ते लिहितो. या गाड्यांत सहा सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं असतं. तीन प्लग पुढे, हाताशी. उरलेले तीन मागे, काचेखालच्या पत्र्याच्या आणि इंजिनाच्या मधे. कित्येक गाड्यांत तिथे पोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा भाग) काढावा लागतो. माझ्या गाडीचे सहाच्या सहा प्लग बदलल्याचं बिल माझ्याकडे होतं. पुढे मी स्वतः मॅनिफोल्ड काढला तर मागचे तिन्ही प्लग कारखान्यातून आलेले, टोकं झिजून गोल झालेली. चार वर्षं त्या प्लगांवर आम्ही सगळं कुटुंब घेऊन घाट चढत होतो.

ज्याने केलं त्याला मी पुन्हा भेटलो नाही. पण तेव्हापासून कुणीही "प्लग नवीन आहेत" म्हटलं की मी जुने प्लग दाखवा म्हणतो.

धूळपाटी

@निरभ्र, हेच तर म्हणतोय. जुन्या गाडीत कोणी काय केलं आणि काय नाही, याचा पत्ताच लागत नाही.

रानवाट

सगळ्यांचे आभार. काल शेजाऱ्यांचा स्कॅनर आणला. कोड असे आले:

पी०३०४
पी०१२८
पी०७००
पी०७४१

गिअर ऑइलची पातळी बरोबर आहे. रंग गडद तपकिरी, लाल अजिबात दिसत नाही. वास किंचित जळका, पण नाकात जाण्याइतका नाही. आधी कधी बदललं याची नोंद सापडली नाही. गाडी आम्ही नवीच घेतली होती, म्हणजे बहुधा कधीच नाही. बॅटरी सहा वर्षांची. प्लगांचं बिल आहे, सहाचं आहे, पण निरभ्र यांचं वाचून आता खात्री वाटत नाही.

वंगण

छान काम केलंत. आता एकेक घेऊ.

पी०७०० हा स्वतः दोष नाही. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, "माझ्याकडे काहीतरी नोंदलं आहे, दिवा लाव." हा कोड दिसला की "गिअरबॉक्स गेला" म्हणणारे बरेच आहेत. खरी नोंद पुढे असते. तुमच्याकडे ती पी०७४१ आहे.

पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधे घट्ट जोड नसतो. एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाने फिरतो. अशा जोडात थोडी घसर कायम राहते आणि तेवढं इंधन वाया जातं. म्हणून एकसारख्या वेगात कॉम्प्युटर आतला एक क्लच दाबून दोन्ही बाजू जखडून टाकतो. हे होतं साठ-सत्तरच्या आसपास, पाय हलका असताना. तुमची थरथर नेमकी तिथेच आहे. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी रसायनं संपली की तो क्लच नीट धरतही नाही आणि नीट सुटतही नाही. चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो. त्याची थरथर तुम्हाला सीटमध्ये जाणवते.

पी०३०४ म्हणजे चौथ्या सिलिंडरचं मिसिंग. चढावरचे झटके आणि लुकलुकणारा दिवा याच्याच खात्यात. हे इंजिन आहे, गिअरबॉक्स नाही.

पी०१२८ म्हणजे इंजिन हवं तितकं तापत नाही. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडा अडकलेला असतो, नाहीतर कूलंट कमी झालेलं. तुमच्याकडे कूलंट कमी होतंच आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन थंड असलं तर कॉम्प्युटर लॉकअपचा हुकूमच देत नाही आणि बऱ्याच गाड्यांत वरचा गिअरही उशिरा पडतो. पण हुकूमच दिला नसेल तर पी०७४१ नोंदला जात नाही. तो कोड हुकूम दिल्यावरही घसर राहिली तरच येतो. म्हणजे थर्मोस्टॅट आणि लॉकअप ही दोन वेगळी कामं आहेत.

आता दोन चाचण्या.

पहिली थरथरीची. मोकळा सरळ रस्ता, मागे गाडी नाही, शेजारी कुणीतरी आरपीएमच्या काट्याकडे बघायला. थरथर सुरू झाली की रेसवरचा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच दबला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो. थरथर त्याच क्षणी थांबली आणि काटा दोन-तीनशेने वर गेला तर तो लॉकअपच. तशीच राहिली तर इंजिन किंवा त्याला धरून ठेवणारं माउंटिंग.

दुसरी मिसिंगची. चौथ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्या हाताशी असलेल्या सिलिंडरवर लावा आणि तिथली इकडे. सिलिंडरचे आकडे प्रत्येक कंपनी वेगळे देते, पुस्तकात बघून घ्या. कोड पुसून गाडी चालवा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल. चौथ्यावरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

पहाटवारा

वाचतोय. ब्रेकच्या स्पर्शाची चाचणी पहिल्यांदाच कळली. आजवर असंच समजत होतो की थरथर म्हणजे टायर.

बैठक

जरा अवांतर, पण विषयाला धरून. पंख्यांच्या या जोडाचं मूळ जहाजात आहे. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते जहाजाच्या टर्बाइनचा प्रचंड वेग पाण्यातल्या पंख्याला मानवेल इतका कमी करण्यासाठी. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक मोठ्या संख्येने आला तो १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये, हायड्रा-मॅटिक नावाने. जखडणारा लॉकअप क्लच तर पॅकार्डने १९४९ मध्येच दिला होता. म्हणजे आपण ज्या क्लचबद्दल बोलतोय तो कल्पना म्हणून पाऊण शतक जुना आहे.

मिनीव्हॅनचं दुखणंही तिच्या जन्मातच आहे असं मला वाटतं. क्रायस्लरच्या व्हॅन १९८४ च्या मॉडेल म्हणून आल्या, युरोपात रेनॉची एस्पास १९८४ चीच. दोन्हींत पुढच्या चाकांवर ओढणारी, मोटारीसारखी मांडणी. त्यामुळे मजला खाली आला, चढणं-उतरणं सोपं झालं, आत चालताही येऊ लागलं. पण रानवाट यांच्यासारख्या गाडीत आडव्या इंजिनाशेजारच्या तेवढ्याशा जागेत मावेल असा गिअरबॉक्स सात माणसं आणि त्यांचं सामान ओढतो. तेल तापतं. बाकीचं वंगण सांगतीलच.

वंगण

@बैठक, बरोबर. आमच्यात ढोबळ हिशोब असा की तेलाचं तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून भरल्या गाडीने सतत चढउतार करणाऱ्याने वेगळा ऑइल कूलर बसवावा असं मी आवर्जून सांगतो.

जुना नट

माझं मत वेगळं आहे. इतक्या वर्षांत एकदाही न बदललेलं ऑइल आता बदलू नका! माझ्या भावाची व्हॅन अशीच चालत होती. मशीन लावून पूर्ण फ्लश केला, म्हणजे दाबाने सगळं ऑइल बदललं, आणि आठवड्यात गाडी पुढे सरकेना. क्लचची झीज त्या काळ्या ऑइलमधल्या कणांवर टिकून असते. नवीन ऑइल घातलं की ती पकड जाते. हे कितीतरी जण सांगतील.

टेकडी

@जुना नट, आमच्याकडेही हेच झालं. फ्लशनंतर दहा दिवस.

मोहोर

आमच्याकडे उलट. बदललं आणि सुधारलं. मी वर लिहिलंच आहे.

वंगण

जुना नट, तुमच्या भावाचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, असं होतं. पण त्या गाडीच्या मालकाला मी विचारलं असतं, फ्लश का करून घेतलात? बहुतेक वेळा उत्तर असतं, "स्लिप होत होती म्हणून." म्हणजे क्लचची पट्टी आधीच संपलेली. ऑइल बदललं नसतं तर आणखी थोडे दिवस चालली असती, एवढंच.

स्लिप आणि थरथर यांत फरक आहे. रेस दिली, इंजिनाचा आवाज चढला, काटा वर गेला आणि गाडी त्या मानाने उचलली नाही, ही स्लिप. तिथे ऑइल बदलून फायदा होईल असं मी कुणाला सांगत नाही. रानवाट यांच्या वर्णनात ती नाही. तिथे ऑइल बदलणं हाच पहिला इलाज.

पण दाबाने फ्लश नको. खालून काढायचं, निघालं तितकंच नवीन घालायचं. एका वेळी सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एकूण साडेआठ लिटर आहे आणि एका वेळी साडेतीन निघतं. एकदा केलं तर चाळीस टक्के नवीन. मधे काही दिवस चालवून पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तीन वेळांत साधारण ऐंशी टक्के ऑइल नवीन होतं आणि गिअरबॉक्सला एकदम धक्का बसत नाही. फिल्टर पहिल्या वेळी बदलायचा, तुमच्या गिअरबॉक्समध्ये खालून निघणारा असेल तर.

ऑइल कंपनीने पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचंच. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा घेऊन थरथर वाढलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

गिअरबॉक्सखालचा ऑइलचा चेंबर उतरवल्यावर आतलं लोहचुंबक बघा. राखाडी, मऊ, मलमासारखा थर असेल तर ती वयाची झीज. नखाला टोचतील असे कण किंवा चकत्या असतील तर तिथेच थांबा, पुढे खर्च करू नका. फोटो टाका.

सांगाती

थरथरीवर एक बाटली मिळते, ऑइलमध्ये टाकायची. माझी थरथर तिने आठ महिने बंद होती.

वंगण

@सांगाती, बंद होते, हे खरं. त्यात तीच घर्षण सांभाळणारी रसायनं असतात. पण जुनं जळकं ऑइल आतच राहतं. मी ऑइल बदलल्यावरही थोडी थरथर उरली तरच ती वापरायला सांगतो.

रानवाट

दोन आठवड्यांनी लिहिते आहे.

ब्रेकची चाचणी पतीला शेजारी बसवून केली. थरथर त्या क्षणी थांबली, काटा अडीचशेने वर गेला. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

कॉइलची अदलाबदल मी स्वतः केली. एकच बोल्ट आणि एक क्लिप, मला वाटलं होतं त्याच्या निम्म्यानेही अवघड नाही. चौथ्याची सहाव्यावर लावली, दोन्ही पुढच्याच बाजूला. दुसऱ्या दिवशी चढावर पी०३०६ आला. दोष कॉइलबरोबर सरकला! कॉइल बदलली आणि झटके गेले. तरी मागचे प्लग दुसऱ्या मेकॅनिककडून, समोर उभं राहून, काढून पाहिले. निरभ्र, तुमचं म्हणणं खरं ठरलं. पुढचे तीन नवे, मागचे तीन वेगळ्याच कंपनीचे आणि झिजलेले. आता सहाही एकसारखे आहेत.

ऑइल एकदा बदललं. चुंबकावर राखाडी थर, टोचणारं काही नाही. थरथर निम्म्याने कमी वाटते.

पण परवा गाडी पुन्हा एका गिअरमध्ये अडकली. सकाळी, चालू केल्याकेल्या. मी खूप घाबरले, वडील गाडीत होते आणि दवाखान्यात वेळेवर पोचायचं होतं.

निरभ्र

मागच्या प्लगांचं वाचून वाईट वाटलं, पण बरं झालं तुम्ही समोर उभ्या राहिलात.

चौथा गिअर

गिअर अडकतो तेव्हा गाडी स्वतःला वाचवत असते. कॉम्प्युटरला एखादा सेन्सर पटला नाही की तो सगळे सोलेनॉइड (गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपा) सोडून देतो आणि एकच गिअर उरतो. वेगाचे दोन सेन्सर असतात, एक आत येणाऱ्या फेऱ्यांचा, एक बाहेर जाणाऱ्या. आमच्याकडे त्यातला एक गेला होता. भाग लहानसा, बाहेरून बदलता आला.

वंगण

चौथा गिअर म्हणतात ते शक्य आहे. पण सेन्सर गेला तर सहसा त्याचा कोड राहतो. तुमच्याकडे तो नव्हता. आणि सकाळी, चालू केल्याकेल्या झालं, हे मला जास्त बोलकं वाटतं. सहा वर्षांची बॅटरी आहे म्हणालात.

मीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज बघा, साधारण १२.६ हवं. स्टार्टर फिरताना किती खाली जातं बघा, ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मधे हवं. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर कमी व्होल्टेजला इंजिनाच्या कॉम्प्युटरपेक्षा आधी वैतागतो. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सच्या आवरणाला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या बघा. बोल्टाखाली हिरवं-पांढरं साचलेलं असतं.

धूळपाटी

मी आधी विका म्हणालो होतो. आता रोज हा धागा उघडून बघतोय. माझ्या गाडीचीही बॅटरी कुणी बघितली नव्हती. तिलाही सकाळीच व्हायचं.

टेकडी

@धूळपाटी, :(

पहाटवारा

कूलंटचं काय झालं? ते मागेच राहिलं. डिपस्टिकवर किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ दिसतं का? सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर? हेड गॅसकेटची भीती वाटते मला तरी.

निरभ्र

हेड गॅसकेटसाठी साधी रासायनिक चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढायची. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा होतो. इंजिन खोलण्याआधी ही करून घ्याच.

पण आधी गाडीखाली बघा. बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये मागच्या सीटसाठी वेगळा हीटर असतो आणि त्याला कूलंट नेणाऱ्या धातूच्या नळ्या पूर्ण गाडीच्या पोटाखालून जातात. सोळा वर्षं पाणी, चिखल, मीठ खाऊन त्या मागच्या चाकाजवळ गंजतात. गळती चालताना, दाब वाढल्यावर होते. गाडी उभी राहीपर्यंत थेंब वाऱ्यावर उडून गेलेले असतात, म्हणून जमिनीवर काहीच दिसत नाही.

रानवाट

निरभ्र, तुम्ही गाडी न बघता कसं सांगितलंत?

कूलंटच्या टाकीला पंप लावून दाब दिला. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, नळी जिथे क्लिपमध्ये अडकवलेली आहे तिथे, बारीक फवारा उडत होता. क्लिपखालीच गंज धरला होता. तेवढा तुकडा कापून तिथे रबरी होज आणि क्लॅम्प बसवले. थर्मोस्टॅट बदलला, हवा काढली. काटा आता दहा मिनिटांत मधोमध येतो. निळ्या द्रवाची चाचणीही केली, निळाच राहिला. त्या दिवशी मी घरी येऊन वडिलांना सांगितलं, आपली गाडी राहते आहे.

बॅटरी: सकाळी १२.१, स्टार्टरला ८.९. नवी घेतली. गिअरबॉक्सकडची अर्थिंगची पट्टी हातात घेतली तर अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या होत्या. तीही बदलली. त्याला आता पाच आठवडे झाले, एकदाही गिअर अडकला नाही.

मोहोर

किती बरं वाटलं वाचून!

जुना नट

अभिनंदन. फ्लश आणि साधं बदलणं यांतला फरक मी नीट लक्षात घेतला नव्हता. भावालाही दाखवला हा धागा. त्याची गाडी खरंच आधीपासून स्लिप होत होती, म्हणाला.

वंगण

उत्तम. दुसरं आणि तिसरं ऑइल बदलणं चुकवू नका. बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटर गिअर बदलण्याची शिकलेली सवय विसरला असू शकतो, त्यामुळे काही दिवस गिअर थोडे कडक पडले तर घाबरू नका. पुन्हा शिकतो.

रिव्हर्सच्या धाडकन आवाजाबद्दल अजून बोललो नाही. बॉनेट उघडून कुणाला तरी लांब, बाजूला उभं करा. ब्रेक घट्ट दाबून पार्क, रिव्हर्स, ड्राइव्ह करा. इंजिन जागेवरून उसळलं तर माउंटिंग. आडव्या इंजिनांत एखादं माउंटिंग तेलभरलं असतं, फुटलं की काळे ओघळ दिसतात.

रानवाट

तिसऱ्यांदा ऑइल बदलून महिना झाला. पट्टीवर आता लाल दिसतं. थरथर पूर्ण गेली, बाटलीची गरज लागली नाही. मागच्या रविवारी सात जण आणि सामान घेऊन घाट चढले, दिवा पेटला नाही.

पुढचं माउंटिंग फुटलेलंच होतं, ओघळ तसेच दिसत होते. बदलल्यावर धाडकन आवाज गेला. पण पहिली दोन सेकंदं अजून आहेत. गाडी रात्रभर उभी असली की सकाळी रिव्हर्स पडायला तेवढा वेळ लागतोच. तापल्यावर लगेच पडतो.

या सगळ्याचा खर्च त्या पहिल्या मेकॅनिकने सांगितलेल्या आकड्याच्या सहाव्या भागाइतका झाला.

वंगण

ती दोन सेकंदं गिअरबॉक्सच्या आतली आहेत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आतली रबरी सीलं वयाने कडक होतात, थंडीत दाब धरायला वेळ लागतो. गरम झाल्यावर मऊ पडतात. गिअरबॉक्स खोलल्याशिवाय ती बदलत नाहीत, आणि आत्ता खोलू नका. सकाळी चालू करून अर्धा मिनिट थांबा, रिव्हर्समध्ये टाका, गिअर बसल्याचं जाणवेपर्यंत रेसला हात लावू नका. दोनाचे चार सेकंद झाले किंवा तापल्यावरही उशीर होऊ लागला तर लगेच लिहा.

धूळपाटी

किती दिवस चालेल असं वाटतं, वंगण?

वंगण

तारीख सांगितली तर ते खोटं होईल. पट्टी लाल आहे, चुंबकावर टोचणारं काही नव्हतं, स्लिप नाही. मी असतो तर चालवली असती. दर ५०,००० किलोमीटरला ऑइल बदललं असतं आणि टाइमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) असेल तर त्याची तारीख आजच शोधली असती. काही इंजिनांत तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि वाचवलेलं सगळं जातं.

रानवाट

बेल्ट नाही, चेन आहे. पुस्तकात आत्ताच बघितलं.

सांगाती

धागा चालू आहे तर विचारतो. हे सगळं वाचून काल मीही पट्टी काढून बघितली. माझ्या व्हॅनचं गिअर ऑइल गुलाबट आणि दुधाळ दिसतंय, फेसासारखं. गाडी नीट चालते. उद्या सगळ्यांना घेऊन दीडशे किलोमीटर जायचं आहे, आल्यावर दाखवलं तर चालेल ना?

वंगण

सांगाती, उद्या जाऊ नका. गाडी आता चालूच करू नका.

गिअर ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते. ती आत फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, म्हणून दुधाळ. क्लचच्या पट्ट्या ज्या गोंदाने चिकटवलेल्या असतात तो या पाण्याने सुटतो. आज नीट चालते, दीडशे किलोमीटरनंतर चालेलच असं नाही. ऑइल लगेच काढून, रेडिएटर बदलून, धुऊन घेतलं तर कधी कधी गिअरबॉक्स वाचतो. किती वेळ मिसळलेलं होतं यावर सगळं आहे.

नेताना क्रेनवर किंवा सपाट ट्रकवर चढवून न्या. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आत सगळं कोरडं घासतं.

पट्टीचा फोटो टाका. कूलंटच्या टाकीत वर तेलाचा तवंग दिसतो का तेही आत्ताच बघून लिहा. मी जागा आहे.

सांगाती

बघतो. टॉर्च घेऊन खाली जातोय.